वाळूचं पठार

तळघरातला पाऊस मिस्त्रीच्या हातात होता आणि त्याची त्याला थोडी घमेंडही होती. "बाहेर पडो न पडो, आमच्याकडे कमतरता नाही," असं तो वर चहाला गेला की कुणालाही ऐकवायचा. कुणी हसलं नाही तरी त्याचं काही बिघडत नसे. गेली कित्येक वर्षं तो तेच वाक्य बोलत होता आणि लोक तितकीच वर्षं ते मुकाट्यानं ऐकत होते.

भूशास्त्र विभागाच्या त्या तळघरात एक टेबल होतं. टेबल आपलं म्हणायचं. दोन पलंग शेजारी जोडावेत एवढी ती लोखंडी पेटी होती. पुढून आणि दोन्ही बाजूंनी काच, मागची बाजू भिंतीपासून जेमतेम हातभर लांब. आत बारीक वाळू, तिच्यात दगडाची पूड आणि थोडी चिकणमाती. खाली जॅक आणि त्यांना फिरवणारी लहानशी मोटर. वर नळ्या, आणि नळ्यांच्या तोंडातून धुक्यासारखा पाऊस. जॅक इतके सावकाश चढायचे की डोळ्यांत तेल घालून बसलं तरी काही हललेलं दिसत नसे. पण आठवड्यानं बघावं तर वाळूचं पठार वर आलेलं असे, त्याच्या मागच्या कडेला डोंगररांग उभी राहिलेली असे, आणि पाण्यानं आपापल्या वाटा शोधून नद्या काढलेल्या असत. खऱ्या पठारानं जे कोट्यवधी वर्षांत केलं ते हे पठार काही महिन्यांत करून दाखवायचं.

मिस्त्री हे त्याचं नाव नव्हे. हातात कायम पाना, म्हणून ताईनं ते ठेवलं आणि मग तेच चिकटलं. ताई म्हणजे विभागातली प्राध्यापक आणि त्याची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला नोकरीला चिकटवण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. चिकटवण्यावरून विभागात कुजबुज झाली होती. मग मोटरचा अडलेला गिअर त्यानं स्वतः कापून बसवला आणि कुजबुजणारे गप्प बसले. लोकांसमोर तो तिला मॅडम म्हणायचा, तळघराचं दार लागलं की ताई.

ताईनं लग्न केलं नाही. "एक नदी गळ्यात बांधून घेतलीय, तेवढा संसार पुरे," असं ती म्हणे. नदी खरीच होती. उंच पठारावरून ती वाहत येते, समोर तिच्याहून कितीतरी उंच डोंगररांग आडवी येते, आणि वळसा घालून जायचं सोडून ही बया सरळ रांगेच्या पोटातून खोल दरी कापून पलीकडे उतरते. पाणी चढ चढत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग ती पलीकडे गेली कशी? ताईचं म्हणणं असं की नदी आधीची, डोंगर नंतरचा. करवत जागच्या जागी धरावी आणि लाकूड खालून वर ढकलत राहावं, तसा डोंगर नदीखालून वर आला आणि येता येता कापला गेला. नदी आपल्या जागेवरून हललीच नाही.

टोपीवाल्यांना हे मान्य नव्हतं. टोपीवाले दुसऱ्या विद्यापीठातले प्राध्यापक. उन्हात असोत की सभागृहात, डोक्यावर टोपी. त्यांचं म्हणणं, डोंगरानं नदीला अडवलंच. ती तुंबली आणि पठारावर मोठं तळं झालं. रांगेच्या बाहेरच्या उतारावर पावसाच्या पाण्याची एक क्षुल्लक घळ होती. ती डोंगर कुरतडत कुरतडत माथ्याकडे सरकत गेली, शेवटी रांग पोखरून तळ्याला भिडली आणि अख्खी नदी आपल्याकडे ओढून बसली. पुरावा दोघांकडे तोच होता: पठारावर उंचावर सापडणारी तळ्याची माती, आणि रांगेच्या माथ्यावरच्या एका खिंडीत पडलेले नदीत घासलेले गोल गोटे. एकाच गोट्याला दोघंही आपापल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभं करायचे. भांडण इतकं मुरलं होतं की टोपीवाले एखाद्या परिषदेला आले नाहीत तर ताईला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

याचा निकाल वाळूत लागतो का, हे ताई कधीपासून बघत होती. पण दर खेपेला काहीतरी नाट लागायची. कधी मोटर अडकली, कधी पाऊस बंद पडून पठाराला भेगा गेल्या. या खेपेला तिनं वाळू स्वतःच्या हातांनी कालवली. मध्येच धाप लागून स्टुलावर बसायची, मिस्त्री पुढे झाला की त्याला हटकायची. सगळं पसरून झाल्यावर तिनं हात धुतले आणि नेहमीसारखं बजावलं, "आता कुणी बोट लावायचं नाही." तळघरात तेवढा एकच कायदा होता. हात लागला की प्रयोग बाद, मग तो कितीही महिन्यांचा असो. पठार निम्मं वर आलं आणि ताईला दवाखान्यात ठेवावं लागलं.

डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं की औषधानं आता काही होण्यासारखं नाही, त्रास होऊ नये एवढंच आपण बघू. मिस्त्री हो हो म्हणाला, जिन्यात जाऊन बसला आणि तोंडात रुमाल धरून रडला. ताईला कुणी काही सांगितलं नाही. दगड हातात घेऊन त्याची जन्मकथा सांगणारी बाई, तिला स्वतःचे रिपोर्ट वाचता येत नव्हते असं थोडंच आहे. पण तिनंही विषय काढला नाही. मिस्त्री रोज दुपारी जायचा, आणि ती रोज एकच विचारायची.

"नदी काय म्हणते?"

"कापतेय," तो सांगायचा. आणि ते खरं होतं. रांग वर येत होती आणि वाळूतली नदी मान खाली घालून तिला कापत होती.

मिस्त्रीनं मनाशी गाठ मारली होती. आपल्या बहिणीनं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, आता जाताना तिला ती खरी ठरलेली कळली पाहिजे. बाकी काही करणं त्याच्या हातात नव्हतं. ताईनं हरून जायचं नाही, बस्स.

आणि मग नदी अडली. रांगेतल्या खाचेत गाळ बसला, खाच रांगेबरोबर वर उचलली गेली, आणि पाणी मागे पसरू लागलं. सकाळी तळहाताएवढं डबकं होतं ते दुपारपर्यंत ताटाएवढं झालं. मिस्त्री काचेला नाक लावून उभा राहिला. नदीला त्यानं ठेवणीतल्या शिव्या दिल्या, मग गोंजारून बघितलं, पण वाळू कुणाचं ऐकत नाही.

त्या दिवशी ताईला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. तिथे फोन न्यायचा नाही, जास्त बोलायचं नाही. जाताना त्यानं खोटं बोलायचं पक्कं केलं होतं.

"नदी काय म्हणते?" तिनं विचारलं.

"तुंबली," तो म्हणाला. लहानपणापासून तिच्यासमोर त्याला थाप मारता आली नव्हती, ती आजही जमली नाही.

ताईनं डोळे मिटले. मग ती हळूच म्हणाली, "मागे बघितलंस?"

"कुठे मागे?"

"टेबलाच्या. मागच्या बाजूनं..." पुढे तिला खोकल्याची उबळ आली. सिस्टरनं तोंडावर मास्क चढवला आणि मिस्त्रीला बाहेर पिटाळलं.

तो तडक तळघरात आला. टॉर्च घेतला, भिंत आणि टेबल यांच्या सांदीत शिरून पोटावर आडवा झाला आणि खालचा एकेक पाइप चाचपून बघितला. गळती नव्हती. जॅक ठाकठीक होते, नट घट्ट होते, पाण्याचा दाब होता तेवढाच होता. ज्याचा जन्म टेबलाखाली गेला, तो मागे बघ म्हटल्यावर खालीच बघणार. उठताना त्याचं डोकं भिंतीवर आपटलं आणि तो चरफडत बाहेर सरकला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, "मागे सगळं नीट आहे, ताई. गळत नाहीये." मास्कमधून ताईनं नुसती मान हलवली, नाही नाही अशी. हात उचलून हवेत काहीतरी काढून दाखवायला गेली, पण हात खाली पडला. मिस्त्रीला वाटलं, बिचारीचा धीर सुटला. त्यानं तिचा हात पांघरुणाखाली ठेवला.

आठवडाभर तळं वाढत राहिलं. मग ताईला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणलं. मिस्त्रीची बायको आशेनं म्हणाली, "वन्संना उतार पडला वाटतं." डॉक्टर म्हणाले होते, आता घरच्यांना जवळ बसू द्या, आणि त्याचा अर्थ मिस्त्रीला कळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळघरात आला. उजेड चांगला होता, वर वर्ग चालू होते, जिन्यावरून मुलांचे पाय वाजत होते. त्यानं पाऊस थोडा मंद केला. टेबलावर वर टांगलेला कॅमेरा दर तासाला एक फोटो काढायचा. तो काढून झाल्याचा आवाज त्यानं ऐकला. मग बाही वर केली आणि उजव्या हाताची तर्जनी रांगेतल्या त्या जुन्या खाचेत घालून अलीकडून पलीकडे ओढली. ओली वाळू लोण्यासारखी बाजूला झाली.

पाणी क्षणभर थबकलं. मग त्या चरातून एक धार निघाली, धारेनं चर खोल केला, खोल चरानं धार मोठी केली, आणि बघता बघता रांगेच्या आरपार दरी झाली. तळं ओसरलं. नदी पुन्हा आपल्या वाटेनं पलीकडे पडू लागली. मिस्त्री बोट विजारीला पुसत उभा होता आणि त्याला खरोखर आनंद झाला होता. विश्वास बसणार नाही, पण अर्ध्या तासात तो हेही मानायला लागला होता की नदी आज ना उद्या फुटणारच होती, आपण नुसता दरवाजा ढकलला.

विभागातल्या प्रिंटरवर त्यानं आठवड्याभराचे फोटो मोठे करून छापले. ताईला फोनवर बघायला आवडत नसे, कागद लागायचा. बायकोनं डबा भरला आणि दोघं दवाखान्यात गेली.

"फुटली," दारातूनच तो म्हणाला. "कापली तिनं रांग."

ताईनं चष्मा मागितला. बायकोनं पाठीशी उशी लावून तिला थोडं उठवलं. मिस्त्रीनं सकाळचा फोटो तिच्या हातात दिला. ती बघत राहिली. वाचणाऱ्या माणसाला मध्ये बोलू नये एवढं मिस्त्रीला कळत होतं, म्हणून तो उभ्या उभ्या पायांची चाळवाचाळव करत होता.

बायकोला राहवलं नाही. "वन्सं, जिंकलात हो. आता त्या टोपीवाल्यांना म्हणावं, काढा टोपी."

ताई हसली. हसली म्हणजे ओठांची कड जरा हलली. "त्या टोपीखाली एक केस नाही," ती म्हणाली. मग मिस्त्रीला म्हणाली, "कालचा फोटो आणलायस?"

त्यानं सगळेच पुढे केले. तिनं कालचा आणि आजचा घेऊन पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले. मिस्त्रीला वाटलं ती दरी बघतेय. पण तिचं बोट दरीवर नव्हतंच. ते रांगेच्या पलीकडे, भिंतीकडच्या उतारावर होतं. तिथे एक बारीक काळी रेघ होती.

"ही बघितलीस?"

"काय आहे?"

"घळ आहे. त्या दिवसाचा दे बरं, तुंबली त्या दिवसाचा." त्यानं दिला. "हे बघ, तेव्हा खाली पायथ्याशी होती. हा परवाचा. आणि काल कुठे आली होती बघ. माथा नखाएवढा राहिला होता, आणि माथ्याच्या अलीकडे तळं."

मिस्त्रीनं वाकून बघितलं. घळ दिवसागणिक वर सरकली होती. आजच्या फोटोत ती माथ्याशीच होती, पण तिनं गाठायचं ते तळंच अलीकडे उरलं नव्हतं.

"मी तुला मागे बघ म्हटलं होतं."

"मी पाइप बघितले."

"पाइप," ताई म्हणाली. तिनं चष्मा काढला. आजचा फोटो त्याच्याकडे सरकवला आणि इतक्या मऊ आवाजात बोलली की त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. "नदी इतकी सरळ जात नाही, बाळा. हे बोट आहे."

बायको डबा उघडत होती, ती थांबली.

"तू हरून जाऊ नयेस," मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, एवढं तरी..."

"हरले असते मी. टोपीवाला बरोबर होता. एवढी वर्षं बरोबर होता मेला." ती श्वास घ्यायला थांबली. "मी फोन केला असता त्याला. ये म्हटलं असतं, बघून जा तुझी घळ. धावत आला असता. दोघं बघत बसलो असतो." तिचे डोळे भरले. "मला जिंकायचं नव्हतं रे. मला बघायचं होतं."

मिस्त्री पलंगाच्या कडेला बसला. सगळं आयुष्य ज्या बहिणीच्या शेजारी उभं राहून काढलं, तिला काय हवं होतं हे आपल्याला कधी कळलंच नाही, हे त्याला त्या घटकेला कळलं. आणि आता ते कळून उपयोग नव्हता.

"मी पुन्हा लावतो," तो म्हणाला. "आजच वाळू कालवतो. तशीच, तू सांगितलेल्या मापानं."

"लाव," ताई म्हणाली. वाळूचं पठार वर यायला किती महिने लागतात, हे त्या खोलीत बायकोलासुद्धा माहीत होतं. "टोपीवाल्याला बोलव तेव्हा. आणि हा बाद कर. कारण खरं सांग."

मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मिस्त्री फोटो गोळा करू लागला. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं, आणि एरवी मिस्त्री उठून ते चाक बघायला गेला असता.

"सांग," ताई भिंतीकडेच बघत म्हणाली.

"काय?"

"तू बोट लावलं नसतंस तर काय झालं असतं, ते सांग. मला इथून दिसत नाही."

मिस्त्रीनं घसा खाकरला. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता. "घळ वर आली असती," तो म्हणाला. "उद्यापरवा माथ्याला पोचली असती. मग तळं धो धो..."

"धो धो नाही. आधी काय?"

त्यानं डोळे मिटले आणि वाळू आठवली. "आधी माथा ओला होतो. अलीकडचं पाणी आतून झिरपतं. घळीच्या तोंडाशी वाळूचा रंग गडद होतो."

"हं."

"मग एक ढेकूळ सुटतं. एवढुसं. मग दुसरं. मग एक धार येते, दोऱ्यासारखी. ती पहिल्यांदा कुणाला दिसतसुद्धा नाही."

"मला दिसली असती."

"तुला दिसली असती." तो थांबला, त्यानं नाक ओढलं. "मग ती माथा खाते. तळं उतरायला लागतं. काठाकाठानं पाण्याच्या खुणा राहतात, एकीखाली एक. तळातली माती उघडी पडते. वरच्या ओढ्यांना एकदम खोल उतार मिळतो, तेही आपापली जागा कापायला लागतात. खालून वर, एकेक करून. सगळ्या पठाराचं पाणी त्या घळीकडे तोंड वळवतं."

ताईनं मान इकडे केली होती. तिचे डोळे मिटलेले होते. "आणि माझे गोटे?"

"ते जुन्या खाचेतच राहतात. रांगेबरोबर वर जातात. खाचेत पाणी नसतं, नुसता वारा. पण गोटे असतात."

"म्हणजे नदी होती तिथे. डोंगराच्या आधी."

"होती ना. होतीच."

"मग अर्धी मी बरोबर," ताई म्हणाली, आणि या खेपेला ती खरी हसली. हसताना तिला धाप लागली. बायकोनं तिच्या ओठांना पाण्याचा बोळा लावला. ताईनं पांघरुणातून हात काढून मिस्त्रीचा हात शोधला. त्याचा उजवा हातच तिच्या हाती लागला, आणि तो मागे घ्यायला गेला तेव्हा तिनं घेऊ दिला नाही. "पुढे," ती म्हणाली.

मिस्त्री पुढे सांगू लागला. घळ रुंद झाली, घळीची दरी झाली, दरीच्या भिंती कोसळल्या आणि नदीनं ते दगड खाली ओढून नेले. खाली सपाटीवर तिनं ते पंख्यासारखे पसरून टाकले. मग ती मैदानात आली, संथ झाली, गाळ टाकू लागली, वळणं घेऊ लागली. खिडकीतलं ऊन पलंगावरून सरकून जमिनीवर गेलं. टेबलावर एवढं काही होत नसे, टेबल रांगेपाशीच संपायचं, पण तो सांगत राहिला. ताईच्या बोटांची पकड हळूहळू सैल झाली. बायकोनं खुणेनं सांगितलं, झोप लागली त्यांना, आता पुरे.

मिस्त्री थांबला नाही. त्यानं नदीला आणखी एक वळण दिलं, मग आणखी एक. समोर समुद्र दिसायला लागला होता, आणि नदी एकदा तिथे पोचली की पुढे सांगायला त्याच्यापाशी काही नव्हतं.